पैसे त्यांचे, तारीख तुमची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी नऊची. मुलाला हातखर्चाला दिलेले पैसे आठवडाभरात उडतात, मग तो आजीकडे जातो. गेल्या महिन्यात त्याने आईच्या फोनवरून एका गेममध्ये बरीच रक्कम घालवली. मुलगी बरोब्बर उलट, मिळालेलं काहीच खर्च करत नाही, गल्ला उशाशी घेऊन झोपते. घरातल्या कामांचे पैसे द्यावेत का, गेमचं काय करावं आणि दोघांना पैशाचं वळण कसं लावावं, असं तुम्ही विचारलंय.

पंचवीसेक वर्षं मी कुटुंबांचे हिशेब बघते. कुणाचं कर्ज फिटत नाही, कुणाची मिळकत चांगली असूनही महिनाअखेर चणचण असते, अशी माणसं माझ्यासमोर बसतात. काय करायला हवं हे त्यांतल्या बहुतेकांना पक्कं ठाऊक असतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, पण ते अंथरूण कधी त्यांच्या हातात आलेलं नसतं. आलं ते एकदम पहिल्या पगाराच्या दिवशी. त्यामुळे तुमच्या मुलाने चौदाव्या वर्षी छोट्या रकमेत गोंधळ घातला याची मला फारशी काळजी वाटत नाही. हाच गोंधळ सव्विसाव्या वर्षी हप्त्यांसकट घालता येतो.

तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण एक गोष्ट त्यात नाही. पैसे कोणत्या तारखेला देता? माझा अंदाज, तारीख ठरलेली नाही. तो मागतो तेव्हा, किंवा तुम्हाला आठवतं तेव्हा. कधी थोडे जास्त, कधी "आत्ता नाहीत, नंतर बघू". असं असेल तर तुमचा मुलगा अगदी शहाण्यासारखा वागतोय. पुढचे पैसे कधी येणार आणि किती येणार याचा भरवसा नसेल, तर हातात आहेत ते आज वापरून टाकणं हाच व्यवहार.

हे मी उगीच म्हणत नाही. मार्शमॅलोचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी मुलांसमोर गोड पदार्थ ठेवून, थांबलात तर दोन मिळतील, असं सांगितलं होतं. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात चमकली, अशी ती गोष्ट सांगतात. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी घेऊन हे पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच विरला. मला मात्र या दोन्हींपेक्षा २०१३ चा एक छोटा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठ्ठावीस लहान मुलांना आधी चित्र काढायला बसवलं. "थांब, तुला यापेक्षा छान रंग आणून देते," असं सांगून निम्म्या मुलांना खरंच रंग आणून दिले. उरलेल्यांना "माफ कर, नाहीत" असं सांगितलं. मग मार्शमॅलोची परीक्षा. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती तीन मिनिटं. मुलं तशीच, खोली तीच, फरक एवढाच की समोरच्या मोठ्या माणसाने आधी शब्द पाळला होता की नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला मुलासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. एक तारीख ठरवा, एक रक्कम ठरवा, आणि ती तुमच्या पगारासारखी चुकू देऊ नका. तो न मागता द्या. तो उद्धट बोलला तरी द्या, गुण कमी पडले तरी द्या. शिक्षा करायची असेल तर दुसरी काहीतरी करा. ज्या पैशांवर रागाच्या भरात कधीही जप्ती येऊ शकते, त्या पैशांचं नियोजन कोण करेल?

इथे माझी एक कबुली. माझा मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना सुट्टे हवेत म्हणून मी त्याच्या गल्ल्यातून पैसे घ्यायचे. "संध्याकाळी देते" म्हणायचे आणि विसरायचे. घरोघरी होतं तसंच. एके दिवशी गल्ल्याच्या तळाशी एक चिठ्ठी सापडली: "आईकडून येणे", खाली चार तारखा आणि चार आकडे. दुसऱ्यांचे हिशेब लावून देणारी बाई मी! सगळे परत केले, वर थोडं व्याजही दिलं. पण त्यानंतर कितीतरी महिने तो गल्ला माझ्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवत होता. तुमच्या मुलीच्या उशाशी गल्ला का असतो, याची एकदा हळूच चौकशी करा. कारण वेगळंही असेल, पण विचारा.

आता रक्कम. "किती द्यावेत" याला माझ्याकडे आकडा नाही, पण पद्धत आहे. गेल्या तीन महिन्यांत त्याच्यावर असा किती खर्च झाला जो तो स्वतः ठरवू शकला असता, ते कागदावर मांडा. मित्रांबरोबर बाहेर जाणं, फोनचं रिचार्ज, वाढदिवसाच्या भेटी, आवडीच्या वस्तू. मासिक सरासरी काढा आणि तीच रक्कम त्याच्या ताब्यात द्या, त्या खर्चांच्या जबाबदारीसकट. तुमच्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही, फक्त ठरवणारा बदलतो. जेवणखाण, शाळा, औषधपाणी तुमच्याकडेच राहील, हे लिहून ठेवा. यादी लिहिलेली नसली की दर आठवड्याला वाद होतो, "हे माझ्यात येतं का तुमच्यात?"

चौदा वर्षांच्या मुलाला महिन्याची रक्कम एकदम देणं ठीक आहे, पण त्याला सवय नाही, म्हणून पहिले दोन-तीन महिने आठवड्याला द्या. मग पंधरवड्याला, मग महिन्याला. नऊ वर्षांच्या मुलीला आठवडाच पुरे. त्या वयात महिना म्हणजे फार लांबची गोष्ट. सोळा-सतराव्या वर्षी कपड्यांसारख्या एखाद्या मोठ्या खर्चाची सहा महिन्यांची रक्कम एकरकमी देऊन बघता येते.

तोच प्रयोग मी माझ्या मुलीवर जरा लवकर केला होता. ती तेरा वर्षांची होती. सहा महिन्यांच्या कपड्या-चपलांचे पैसे तिच्या हाती दिले आणि पहिल्याच आठवड्यात त्यातले बहुतेक एका जाकिटावर गेले. दुसऱ्या महिन्यात बुटांचा तळवा सुटला. तिने तो चिकटवला, पुन्हा सुटला, पुन्हा चिकटवला. नातेवाईक मला नावं ठेवत होते, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा तो बूट उघडा पडलेला पाहिल्यावर मी जवळजवळ दुकानाकडे निघालेच होते. थांबले, कारण पाय ओला होत नव्हता, दुखत नव्हता. फक्त लाज वाटत होती. तेवढी तिची तिला पेलू दिली. इजा होणार असेल, शाळा बुडणार असेल, तर मध्ये पडायचं. गैरसोय आणि पश्चात्ताप यांच्या मध्ये पडायचं नाही. शेवटचे दोन महिने तिने कुठलीही वस्तू घेण्याआधी मला तीन दुकानांतले भाव सांगितले. मी विचारलेले नसताना.

"मी सांगितलं होतं ना" हे वाक्य अशा वेळी जिभेवर येतंच. ते गिळा. पैसे संपले की मुलगा स्वतःवर चिडलेला असतो. तुम्ही बोललात की तो तुमच्यावर चिडतो आणि धडा तिथेच वाया जातो.

घरकामाचे पैसे द्यावेत का, यावर लोक हिरिरीने भांडतात. माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या कामांचे देऊ नका. स्वतःचं ताट उचलणं, अंथरूण आवरणं, घर झाडायला हात लावणं यासाठी कुणी तुम्हाला पैसे देतं का? आणि एकदा भाव ठरला की मुलाला नकार देण्याचाही हक्क मिळतो. "आज मला पैसे नकोत, म्हणून मी करत नाही." या युक्तिवादाला उत्तर नसतं. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत असंच घडलं. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी उशीर झाला की अपराधी वाटायचं, आता त्याचा दर ठरला होता. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर उतरला नाही. उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी २००० साली हे प्रसिद्ध केलं. एकदा विकत दिलेली जबाबदारी परत फुकट मिळत नाही, एवढं त्यातून मी घेतलं.

गुणांसाठी बक्षीस देण्याबद्दलही मी जपून असते. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं. नंतर तीच मुलं, मोकळीक असताना, बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या निम्म्यानेच रंगांकडे वळली. जे आधीच आवडीने होतंय त्यावर भाव चिकटवू नये.

जादा कामाचे पैसे मात्र जरूर द्या. ज्यासाठी तुम्ही बाहेरचं माणूस बोलावलं असतं असं काम: माळा रिकामा करणं, गाडी आतून-बाहेरून धुणं, जुन्या वस्तूंचे फोटो काढून त्या विकणं. भाव आधी ठरवा, काम बघून घ्या, अर्धवट असेल तर अर्धवटच आहे म्हणा. शेजारपाजारी कुणी असं काम देत असेल तर आणखी चांगलं. आईवडील कौतुकाने पैसे देतात, परकं माणूस कामाचे देतं, हा फरक त्याला कळायलाच हवा.

आता गेम. आधी तांत्रिक बाजू: फोनवर साठवलेलं कार्ड काढा, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा, आणि ज्या ॲप स्टोअरमधून खरेदी झाली तिथे परताव्याचा अर्ज करा. मुलांनी न विचारता केलेल्या खरेदीचे पैसे बऱ्याचदा परत मिळतात, उशीर मात्र करू नका. यात मुलगा एकटाच दोषी आहे असंही समजू नका. ॲपलच्या स्टोअरमध्ये एकेकाळी पासवर्ड एकदा टाकला की पुढची पंधरा मिनिटं कितीही खरेदी करता यायची. त्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०१४ मध्ये पालकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचं कंपनीने मान्य केलं. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर २०२२ मध्ये, खेळाडूंना नकळत खरेदी करायला लावणाऱ्या रचनेबद्दल, २४ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा पडला. हे धंदेच तसे बांधलेले असतात. खऱ्या पैशांचे आधी हिरे किंवा नाणी करायची, म्हणजे किती गेले ते कळत नाही. नाणी अशा संख्येत विकायची की हवी ती वस्तू घेतल्यावर थोडी उरतात आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा विकत घ्यावी लागतात. पैसे भरून उघडायच्या 'नशिबाच्या पेट्यां'ना तर बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये जुगारच ठरवलं.

हे सगळं मुलाला सांगा, पण दटावणीच्या सुरात नको. जादूगाराची हातचलाखी समजावून सांगतो तसं सांगा. चौदा वर्षांच्या मुलाला "हे वाईट आहे" यापेक्षा "तुला यांनी बनवलं" हे जास्त झोंबतं. त्याच्याकडूनच काढून घ्या, कुठे, कसं, कोणत्या क्षणी बटण समोर आलं. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अख्खा तक्ता करून आणला होता.

घालवलेल्या रकमेचं काय? परतावा मिळाला नाही तर ती त्याने फेडायची, पण त्याच्या हातखर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त दरमहा कापू नका. सगळाच हातखर्च सहा महिने बंद केला तर त्याच्याकडे सांभाळायला काही उरणार नाही आणि चोरून घ्यायचा मोह वाढेल. कागदावर लिहा: इतकी रक्कम, इतके हप्ते, अमुक तारखेला संपणार. संपेल त्या दिवशी तो कागद त्याच्यासमोर फाडा, आणि विषय पुन्हा कधीही काढू नका. हे शेवटचं पालकांना सगळ्यात जड जातं.

कर्जाचा विषय निघालाच आहे तर या वयात व्याजाचं एक गणित त्याच्याकडून स्वतःच्या हाताने करून घ्या. १०,००० चं कर्ज, महिना ३ टक्के व्याज. क्रेडिट कार्डाची थकबाकी साधारण अशीच धावते. पहिल्या महिन्याचं व्याज ३००. दरमहा ३५० भरले तर त्या महिन्यात मुद्दल कमी झालं फक्त ५०. असंच भरत राहिलं तर फिटायला साडेपाच वर्षं लागतात आणि एकूण २३,००० च्या वर जातात. आता हप्ता दुप्पट करा, ७००. एकोणीस महिन्यांत संपतं आणि एकूण १३,३०० च्या आत. हप्ता दुप्पट केल्यावर वेळ निम्मा होईल असं मुलं आधी सांगतात. उत्तर पाहिल्यावर दोन मिनिटं गप्प बसतात, पुन्हा कॅल्क्युलेटर घेतात. भाषणाने हे होत नाही. ७२ ला वार्षिक व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं, हा आडाखाही शिकवा. ३६ टक्क्यांनी दोन वर्षं, ६ टक्क्यांनी बारा. घ्यायचं कर्ज आणि ठेवायची बचत, दोन्हीकडे तोच भागाकार.

नऊ वर्षांच्या मुलीला बारा वर्षांची गोष्ट सांगून उपयोग नाही. तिच्या आयुष्याहून लांबचा काळ तो. तिच्यासाठी घरीच बँक काढा. तिने ठेवलेल्या रकमेवर महिन्याला ५ टक्के व्याज, तुम्ही द्यायचं. खऱ्या जगात असा दर नसतो, पण मुलांचं घड्याळ वेगाने चालतं. १०० ठेवले तर वर्षाने जवळजवळ १८० होतात. वरची मर्यादा आधी ठरवा, नाहीतर आजीची सगळी बचत या बँकेत येईल. एका घरात खरंच आली होती.

आणि हो, तिच्या खर्च न करण्याचं तुम्ही कौतुक करताय, ते जरा आवरा. काटकसर आणि भीती वरून सारखीच दिसतात. माझ्याकडे येणाऱ्यांत अशीही माणसं असतात ज्यांच्याकडे पुरेसं आहे, पण स्वतःवर खर्च करताना हात थरथरतो. दुखणं अंगावर काढतात, मग दसपट भरतात. मुलांसमोर पैशांवरून भांडणं झाली, "आपल्याला परवडत नाही" हे सतत कानावर पडलं, की काही मुलं अशी आकसतात. तिला एक छोटं ध्येय ठरवू द्या, तिचं स्वतःचं. रक्कम जमली की तिच्याबरोबर जा आणि ती वस्तू घेतलीच पाहिजे, असा नियम करा. पैसे तीन डब्यांत वाटायची जुनी पद्धत, खर्च, बचत आणि दुसऱ्याला देणं, अशा मुलांना खूप मानवते. खर्चाचा डबा वेगळा असला की त्यातून खर्च करणं म्हणजे नियम मोडणं वाटत नाही.

"सात वर्षांपर्यंत पैशाच्या सवयी पक्क्या होतात, आता आम्हाला उशीर झाला का?" असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. हे वाक्य केंब्रिजच्या डेव्हिड व्हाइटब्रेड आणि स्यू बिंगहॅम यांच्या २०१३ च्या अहवालावरून पसरलं. वाट बघणं, पुढचा विचार करणं अशा क्षमतांचा पाया लवकर पडतो, असं त्यांचं म्हणणं. दार बंद होतं, असं नाही. चाळिशीत सवयी बदललेली माणसं मी पाहिली आहेत.

शाळेत अर्थसाक्षरतेचा तास असेल तर चांगलंच, पण त्यावर विसंबू नका. २०१४ मध्ये दोनशेएक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा शिक्षणाने लोकांच्या प्रत्यक्ष वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ०.१ टक्का उलगडत होता. नंतरच्या, जास्त काटेकोर प्रयोगांच्या आढाव्यात चित्र बरंच बरं दिसलं. पण शिकलेलं लगेच वापरायला मिळालं नाही तर ते विरून जातं, हा माझाही अनुभव आहे. म्हणून महिन्यातून एकदा मुलाला शेजारी बसवून घरची बिलं भरा. वीज किती, हप्ता किती, विमा किती. पगाराचा आकडा सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. खर्चाचे आकडे मात्र लपवू नका. दोन-तीन महिन्यांनी भरायचं काम त्याच्याकडे द्या, तुम्ही शेजारी बसा.

एक तारखेला सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात तो बहुधा बुधवारपर्यंत सगळं संपवेल, आणि गुरुवारी आजीकडे जाईल. तेव्हा मुलाशी बोलायच्या आधी आजीशी बोला. तिला "देऊ नका" म्हणू नका, ती ऐकणार नाही आणि तिचं चुकतंय असंही नाही. नातवाला काही द्यायचं असेल तर बचतीच्या डब्यात द्या, किंवा तुमच्याकडे द्या, एक तारखेला मिळून देऊ, असं सुचवा. आणि गुरुवारी तो तिच्या खोलीत जाईल तेव्हा तुम्ही बाहेर थांबा.